नदीच्या बाजूचा कट्टा

मेक्कीमामा अलेक्झांड्रियाहून कायमचा गावी परतला, तेव्हा टेम्पोतून उतरलेल्या सामानात कपड्यांची एक पिशवी होती आणि बाकी सगळ्या पेट्या हत्यारांच्या. जन्मभर त्यानं तिकडच्या एका दुकानात फ्रिज दुरुस्त केले. वर्षाकाठी रजेवर यायचा, पंधरा दिवस राहायचा, जायचा. कायमचा आला तोवर त्याची बायको नब्रा वारली होती आणि मुलगी लग्न होऊन सुएझला गेली होती. तो माझ्या आईचा चुलतभाऊ, म्हणून मी त्याला मामा म्हणते.

आमच्या तुरगाबातले पुरुष असेच परततात, केस पिकल्यावर. त्याआधी ते कैरोत असतात, सुएझला असतात, कुवेतला असतात, आणि घरी त्यांनी पाठवलेल्या वस्तू असतात. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, टेपरेकॉर्डर, शिलाई मशिनं. त्या बिघडल्या की बिघडलेल्याच राहतात. कोम ओम्बोच्या बाजारात दुरुस्तीची दुकानं आहेत, पण एवढं ओझं तिथवर नेणार कोण? आणि मुलानं पाठवलेला पंखा बंद पडला म्हणून काही तो टाकून देता येत नाही. म्हणून घरोघरी एका कोपऱ्यात चादर पांघरलेला ढीग असतो. मामा आल्याचं कळल्यावर त्या चादरी निघाल्या. महिनाभरात त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. तो गच्चीवर झोपायला लागला.

कैरोत आमच्या गावकऱ्यांची मंडळी आहे. त्यांच्या कानावर हे गेलं. गावाच्या पश्चिम टोकाला रेशनच्या जुन्या गोदामाची जागा पडून होती. तिथं चांगली इमारत बांधू, असं त्यांनी ठरवलं. सगळ्या गावानं यावं, मोडकं ते दुरुस्त व्हावं, आणि जे दुरुस्त होणार नाही त्याचे भाग दुसऱ्या कशाला तरी लागावेत. नकाशा काढायला त्यांनी अस्वानहून रबाब नावाची इंजिनीअर पाठवली. तिशीची असेल. तिच्या आईचं माहेर आमच्याच लोकांतलं. मी शाळेत शिकवते, घर ऐसपैस आहे, म्हणून पहिली बैठक माझ्याकडे झाली.

रबाबनं कागद उलगडला. मामानं तो आधी सरळ बघितला, मग उलटा करून बघितला.

"नदी कुठाय?" त्यानं विचारलं.

"कुठली नदी, उस्ता?" ती म्हणाली. कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात.

"नदी म्हणजे नदी. आपल्याकडे किती आहेत?"

"नदी इथून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. मध्ये ऊस आहे, कालवा आहे, रेल्वे आहे, साखर कारखाना आहे."

"ते मला ठाऊक आहे. मी दिशा विचारतोय."

रबाबनं कागदाच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. "ही पश्चिम."

"मग दार इकडं पाहिजे. आणि दारासमोर कट्टा."

हे ऐकून मला नवल वाटलं नाही. आम्ही धरणग्रस्त, अस्वानच्या धरणाचे. आमचं खरं तुरगाब तलावाच्या तळाशी आहे. तिथं प्रत्येक घराचं तोंड नदीकडे असायचं, असं जुनी माणसं सांगतात; मी इकडे जन्मले, मी ते पाहिलेलं नाही. सरकारनं इथं आणून टाकलं तेव्हा घरं रांगेत बांधून तयार होती, प्रत्येकाचं दार पुढच्याच्या पाठीकडे. त्यातही वाटणी खोल्यांच्या हिशेबानं. एकट्या जिवाला एक खोली, मोठ्या कुटुंबाला चार. त्यामुळे एका खोलीच्या रांगेत सगळ्या म्हाताऱ्या आणि विधवा, आणि त्यांची लेकरंबाळं गावाच्या दुसऱ्या टोकाला. गावातली जुनी बाई हज्जा दहीबा, हज करून आलेली, अजून त्या रांगेत राहते.

गाव उठलं तेव्हा मामा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याला तिथलं एक चित्र स्वच्छ आठवायचं आणि ते तो सगळ्यांना सांगायचा. घरापुढचा मातीचा कट्टा. कट्ट्यावर त्याचा बाप बसलाय. मांडीवर रहाटगाडग्याचं फुटकं मडकं, हातात दोर, आणि समोर नदी. येणारे-जाणारे थांबतायत, बसतायत, आपापलं मोडकं पुढं करतायत.

"बाप सबंध दिवस तिथंच बसलेला असायचा," त्यानं रबाबला सांगितलं. "तसं पाहिजे मला. फ्रिज असो नाहीतर मडकं."

रबाबनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उस्ता, पश्चिमेला मोठं दार ठेवलं तर दुपारनंतर आत भट्टी पेटेल. हातात हत्यार धरवणार नाही."

"हातमोजे घालीन."

"आणि गिऱ्हाइकं?"

"त्यांनाही देईन."

ती हसली, पण मागे हटली नाही. तिचं म्हणणं होतं, दार उत्तरेला हवं. आपल्याकडे वारा उत्तरेचा. बराच वेळ वाद चालला. कर्कदेच्या लाल सरबताचे पेले दोनदा भरले. शेवटी तिनं कागद गुंडाळला आणि म्हणाली, "कागदावर नकोच ठरवायला. जागेवर फक्की मारू. खोल्या आखू, कट्ट्याच्या जागी विटा लावू, वर चटया टाकू, आणि दर शुक्रवारी नमाजानंतर तिथंच दुरुस्तीला बसू. कोण कुठून येतं, कुठं बसतं, बघू. मग भिंती."

मामाला हे पटलं. त्यानं स्वतः चुना आणला.

त्या शुक्रवारांची मला अजून आठवण येते. रिकाम्या जागेवर पांढऱ्या रेघा, आणि त्या रेघांना लोक भिंतीसारखं मानत. कुणी रेघ ओलांडून आलं की बाकीचे ओरडत, "अरे, दारातून ये की." रबाब दर शुक्रवारी अस्वानहून यायची. एका कोपऱ्यात बसून बघायची, मग उठून एखादी रेघ पायानं पुसायची आणि दुसरीकडे ओढायची. सुट्या भागांची खोली तिनं लहान आखली होती. मामानं ती दुप्पट करायला लावली. "बरं होणाऱ्यांपेक्षा मेलेल्या वस्तू जास्त येतील," तो म्हणाला, आणि तसंच झालं.

एकदा अवादा नावाची बाई टेपरेकॉर्डर पोराच्या हाती पाठवून स्वतः लांब उभी राहिली. मामानं त्याचा पट्टा बदलला, आतलं हेड पुसलं, आणि तिला हाक मारून कॅसेट मागितली, वाजवून बघायला. तिनं ओढणीआडून कॅसेट काढली, पण देईना. पूर्वी आमच्याकडे नवरे-मुलगे कॅसेट भरून पाठवत. पत्र वाचायला दुसऱ्याकडे जावं लागू नये म्हणून. मामानं तिच्याकडे पाहिलं आणि टेप तसाच तिच्या हातात दिला. "घरी जाऊन लाव. घरघर आली तर परत आण." ती गेल्यावर तो रबाबला म्हणाला, "एक छोटी खोली पाहिजे. दार लागणारी. आत एक खुर्ची आणि टेप लावायला विजेचं बटण, बस."

रबाबनं तिथल्या तिथं फक्की मागवली. "मला हे सुचलंच नसतं," ती म्हणाली.

पण पश्चिमेच्या कट्ट्याचं काही जमेना. मामा तिथंच बसायचा, तोंड उसाकडे करून. दुपार कलली की ऊन थेट तोंडावर. बाकीचे पुरुष हळूहळू उत्तरेच्या रेघेवर सरकत, तिथं शेजारच्या भिंतीची सावली होती. मामा एकटा उरायचा, घामानं निथळत. हसनैन म्हणून एक जण आहे, कैरोत आचारी होता. तो सावलीतून विचारायचा, "मेक्की, पंखा दुरुस्त करतोयस की भाजून खातोयस?"

"तुला काय त्याचं? तू बस सावलीत, कांद्यासारखा."

आणखी एक गोष्ट रबाबच्या लक्षात आली. वस्तू सगळ्या बायकांच्या, पण बाई एकही आत येत नव्हती. पोरांच्या हाती मिक्सर यायचे आणि पोरांच्या हाती परत जायचे. "समोर पुरुष बसलेले. बायका त्यांच्यामधून कशा जातील?" रबाब म्हणाली. मामानं खांदे उडवले. तो म्हणाला, पूर्वीपासून असंच आहे.

मग एका शुक्रवारी हज्जा दहीबा आली. पुढे काठी टेकत ती, आणि मागे तिची बाज डोक्यावर घेऊन दोन शेजारी. बाजेची सुतळी सैल पडून पार झोळी झाली होती. वयाचा मान म्हणून तिला कुणी काही बोललं नाही. ती सरळ पश्चिमेच्या कट्ट्यापाशी गेली आणि मामाच्या शेजारी विटांवर बसली.

"इतक्या उन्हात काय करतोयस?" तिनं विचारलं.

"बसलोय, हज्जा. बाप बसायचा तसा."

"कुणाचा बाप?"

"माझा. आपल्या जुन्या घरापुढं. मडकी बांधायचा, आठवत नाही का तुम्हाला?"

हज्जा त्याच्याकडे बघत राहिली. तिला थट्टा वाटली असावी. मग ती म्हणाली, "मेक्की, तुझा बाप कैरोत एका साहेबाच्या बंगल्यात वाढपी होता. तू जन्मलास तेव्हाही तिथंच होता. आपल्या गावात पुरुष होते तरी कुठं? चार म्हातारे, दोन नावाडी आणि एक आंधळा इमाम. मडकी बांधायची ती तुझी आई."

"माझी आई?"

"मग काय! मडकी, टोपल्या, जाळी, दुसऱ्यांच्या बाजा. आम्ही सगळ्या तिथंच असायचो. तुझा बाप एकदा आला होता, लांब रजा घेऊन. बसला कट्ट्यावर, नदीकडे पाठ करून. म्हणे पाण्याची तिरीप डोळ्यांवर येते. तुझ्या आईनं त्याच्या हातात दाभण दिलं, तर त्याला दोर ओवता येईना. आम्ही हसून हसून लोळलो."

मामानं हातातला पंखा खाली ठेवला, हत्यारं पेटीत भरली आणि घरी गेला. हज्जाची बाज तिथंच पडून राहिली.

"मी काय वाईट बोलले?" हज्जानं मला विचारलं.

पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. रबाब तासभर थांबून परत गेली. मी त्याच्या घरी गेले. मामा जमिनीवर चटई टाकून पडला होता. अंगणातल्या वस्तूंवर धूळ बसली होती. मी चहा केला, दूध घालून, त्याला आवडतो तसा. त्यानं तो घेतला, पण कितीतरी वेळ तोंडाला लावला नाही.

"मग इतकी वर्षं मी कुणाला बघत होतो गं?" तो म्हणाला.

"लहान होतास, मामा. लहानपणी काहीही होतं."

"तोंड दिसतं मला त्याचं. मिशा दिसतात."

"रजेवर आला होता ना? तेव्हा बघितलं असशील."

त्यानं मान हलवली. मग कोपऱ्यातल्या फ्रिजकडे बोट दाखवलं. "तो उघड."

मी उघडला. आत कपडे होते, नब्रामामीचे. घड्या घालून नीट रचलेले, मधल्या कप्प्यात ओढण्या, दारात बांगड्या. फ्रिज कधीचा बंद पडलेला होता.

"मी पाठवलेला," मामा म्हणाला. "दरवर्षी यायचो. ती पाणी द्यायची माठातलं. मी विचारलं नाही फ्रिज का उघडत नाहीस. कायमचा आलो तेव्हा उघडला. फ्रिजवाल्याच्या घरात बंद फ्रिज, आणि मला पत्ता नाही."

मामीनं एकदा माझ्या आईला सांगितलं होतं, ते मला ठाऊक होतं. मी त्याला आजवर बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. मामी म्हणाली होती, त्याची रजा पंधरा दिवसांची. ती काय त्यानं फ्रिजच्या मागे बसून घालवायची?

मामानं चहाचा पेला खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी फ्रिजचं दार लावून निघाले.

दोन दिवसांनी तो हज्जा दहीबाच्या दारात उभा होता, तिची बाज उचलवून आणून, हातात सुतळीचं भेंडोळं घेऊन. हे मला तिच्या शेजारणीनं सांगितलं. सकाळभर तो तिची बाज विणत बसला आणि ती सांगत राहिली. त्याची आई कशी बसायची, पाय पोटाशी घेऊन. कट्टा रुंद होता म्हणून जमायचं. टोच्या आणि दाभण केसांत खोचायची. काम करता करता नदीकडे लक्ष, कारण टपालाची बोट उत्तरेकडून, कैरोच्या बाजूनं यायची, आणि बोट दिसली की सगळ्या बायका एकदम हात थांबवायच्या. बोटीतून कुणी उतरलं नाही की पुन्हा सुरू.

"आई रडायची का?" मामानं विचारलं होतं म्हणे.

"रडायला कुणाला सवड होती? रहाट बंद पडला असता. शिव्या द्यायची. बोटीला, कैरोला, तुझ्या बापाला. ताण जरा ती सुतळी, पुन्हा झोळी होईल."

त्यानंतरच्या शुक्रवारी मामा जागेवर आला आणि रबाबला म्हणाला, "दार उत्तरेला कर. माझं टेबल तिकडं लाव." ती खूष झाली असेल असं मला वाटलं होतं, पण तिचा चेहरा उतरला. "उस्ता, पश्चिमेचं तुम्ही सोडू नका," ती म्हणाली. "ऊन अडवायचा काही मार्ग मी शोधीन."

"सोडत नाही. पण तो कट्टा माझा नाही. तो बायकांचा. त्यांना विचार."

रबाबनं विचारलं. माझ्याच घरी बायका जमल्या. पुरुषांपुढं गप्प राहणाऱ्या त्या बायकांनी रबाबला बोलू दिलं नाही. कट्टा रुंद पाहिजे, पाय वर घेऊन बसता यायला हवं. गल्लीकडून वेगळं दार पाहिजे. खिडकी इतकी खाली पाहिजे की बसल्या बसल्या बाहेरचं दिसेल, पण बाहेरच्याला आतलं दिसता कामा नये. भिंतीत कोनाडे, चहासाठी शेगडी. अवादा म्हणाली, "आणि मेक्की उस्तानं आम्हाला तारा जोडायचा तो तापवायचा खिळा शिकवावा. दर वेळी पोरं कुठून आणायची?"

"डाग द्यायला शिकायचंय?" मामा दाराबाहेर बसला होता, तिथून म्हणाला. "हात भाजतात."

"आम्ही तव्यावर भाकरी करतो, उस्ता. तुम्हीच जपा."

इमारत उभी राहायला वर्ष गेलं. मातीच्या विटा, वर कमानीचं छत. लाकूड न लावता असं छत घालणारा म्हातारा गवंडी रबाबनं अस्वानपलीकडून शोधून आणला. दारं-खिडक्या जुन्या सरकारी घरांच्या, पाडलेल्या घरांतून मिळवलेल्या. एकाही चौकटीचं माप दुसरीशी जुळत नव्हतं, म्हणून गवंडी दिवसभर कुरकुरायचा. पश्चिमेला रबाबनं छत खूप पुढं आणलं आणि समोर विटांची जाळी उभी केली. दुपारचं ऊन जाळीतून चुरा होऊन आत येतं. सूर्य अगदी खाली गेला की मात्र अर्धा तास सरळ येतंच. तेवढं तिला अडवता आलं नाही. बायका तेव्हा ओढणी पुढं घेतात आणि कामं थांबवून गप्पा मारतात.

आता तिथं रोज कुणी ना कुणी असतं. मामा उत्तरेच्या बाजूला, वाऱ्यावर. अवादा इस्त्रीची तार जोडते, तिच्या हातावर दोन चट्टे आहेत. छोट्या खोलीचं दार कधी कधी बराच वेळ बंद असतं, तेव्हा कुणी हाक मारत नाही. सगळं छान झालं असं मात्र नाही. सुट्या भागांच्या खोलीत उंदीर झाले. कैरोच्या मंडळीला फलकावर आपली नावं हवी होती, त्यावरून रुसवेफुगवे झाले. सुएझची मुलगी फोन करते, येते म्हणते, अजून आलेली नाही. मामा पण तिला फार आग्रह करत नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "मी तिला कोणत्या तोंडानं म्हणू, बापाकडे येऊन बस?"

गेल्या हिवाळ्यात गावातल्या लोकांनी तलावावर जायचं ठरवलं. बस करून तलावाकाठचं अबू सिंबेल, तिथून बोट. जुन्या गावाच्या वर जाऊन गेलेल्यांसाठी फातिहा म्हणायची आणि परत यायचं. मामा नको नको म्हणत शेवटी निघाला. हज्जा दहीबाला प्रवास झेपणारा नव्हता. ती बसपर्यंत आली आणि प्रत्येकाला बजावून सांगितलं, नीट बघून या.

बोटवाल्यानं तलावात कुठंतरी इंजिन बंद केलं आणि म्हणाला, साधारण इथं. चहूकडे पाणी. दोन जुने लोक होते, एक म्हणाला गाव डावीकडे, दुसरा म्हणाला उजवीकडे. फातिहा म्हणून झाली. बोट हलत होती, तसं कोणतं तोंड कुणीकडे तेही कळेना. मामा कडेला हात टेकून पाण्यात बघत होता. मी त्याच्या शेजारी होते. मला वाटलं तो काही बोलेल. त्यानं बोटवाल्याला एवढंच विचारलं, "इथं खोली किती?" बोटवाल्यानं सांगितलं, आणि मामानं मान हलवली, कुणी फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितल्यावर हलवतो तशी.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो कामावर आला तेव्हा हज्जा कट्ट्यावर बसून होती. बायका मधून सरकल्या आणि त्याला जागा केली. पुरुषानं तिथं बसायचं नाही असं त्यानंच ठरवलं होतं. पण त्या दिवशी तो बसला.

"बघितलंस?" हज्जानं विचारलं.

"पाणी बघितलं."

"कसं होतं?"

"हिरवं. गार. खूप रुंद, हज्जा. पलीकडचा काठ दिसत नाही."

हज्जा विचारात पडली. "हिरवं?" ती म्हणाली. "आपलं तांबडं असायचं. पुराच्या दिवसांत तर एवढं तांबडं की माठात निवळायला रात्र लागायची. तळाशी बोटभर गाळ राहायचा. तुझी आई त्यानंच कट्टा सारवायची."

"तसं नव्हतं."

"वास होता का? मातीचा?"

मामानं आठवून बघितलं. "डिझेलचा होता," तो म्हणाला.

हज्जानं हातातली टोपली बाजूला ठेवली. "बरं, पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "बस निघाली तिथून."